कामाच्या फळ्यावरचं प्रेम

रात्रीची जेवणं आटोपली की किबुत्झच्या, म्हणजे इस्रायलमधल्या सामुदायिक वस्तीच्या, भोजनगृहाच्या दाराशी घोळका जमतो. भिंतीवर उद्याच्या कामाची यादी लागलेली असते. नाव, त्यासमोर काम, त्यासमोर वेळ. खजुराची बाग, पहाटे साडेचार. भांडी, सकाळी सहा. गोठा, दुपारची पाळी. हिब्रूत या यादीला ‘सिदूर अवोदा’ म्हणतात आणि ती लावणाऱ्याला ‘सद्रान अवोदा’. किबुत्झवर आलेल्या परदेशी तरुण स्वयंसेवकांचा कुठलाही प्रेमपट घ्या, त्यातल्या जोड्या खरं म्हणजे हा सद्रान जुळवत असतो. उद्या कोण कोणाबरोबर आठ तास घालवणार, हे त्याच्या पेन्सिलीवर ठरतं.

या विषयावरचा लक्षात राहिलेला सिनेमा म्हणजे १९८५ चा, लुईस गिल्बर्ट यांचा ‘नॉट क्वाइट पॅरडाइस’. पॉल केंबर यांच्या नाटकावरून केलेला. नाटक लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये १९८० साली आलं होतं. इंग्लंड-अमेरिकेतून आलेली पोरं, त्यांची कुरबुर, एका अमेरिकन मुलाचं किबुत्झवरच्या मुलीवर जडलेलं प्रेम, असा मामला. सिनेमाची गोष्ट इथे सांगत नाही. किबुत्झ चालतो कसा, हे ठाऊक असलं तर अशा सिनेमातले विनोद जागच्या जागी कळतात, आणि त्यातलं दुःख कशाचं आहे तेही कळतं. म्हणून हा लेख त्या चालण्याबद्दल.

पहिला किबुत्झ म्हणजे दगानिया, १९१० साली गॅलिली सरोवराच्या दक्षिण टोकाला दहा पुरुष आणि दोन स्त्रियांनी वसवलेला. पगार नाही, खासगी मालमत्ता नाही, काम सगळ्यांचं आणि मिळकत सगळ्यांची. परदेशी तरुण तिथे आधीही तुरळक येत. अमेरिकन राजकारणी बर्नी सँडर्स १९६३ साली शआर हआमाकिम किबुत्झवर होते. पण लोंढा आला तो जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर. युद्धासाठी राखीव सैनिक बोलावले गेले, शेतं आणि गोठे ओस पडले, आणि ती जागा भरायला युरोप-अमेरिकेतून हजारो पोरं आली. ब्रिटिश अभिनेत्री हेलन मिरेन त्याच वर्षी हाओन किबुत्झवर होत्या. पुढची वीस वर्षं हा ओघ चालू राहिला. ब्रिटिश, डॅनिश, स्वीडिश, डच, जर्मन, दक्षिण आफ्रिकी. बहुतेक ज्यूसुद्धा नव्हते. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन क्फार हनासी किबुत्झवर आले ते १९८४ साली, म्हणजे सिनेमाच्या अगदी लगतच्या काळात.

आलेल्या पोराला काय मिळायचं? तीन-चार जणांत एक खोली, तीही सभासदांच्या घरांपासून लांब, जुन्या लाकडी बराकीत. निळे कामाचे कपडे, घोट्यापर्यंतचे बूट, टोपी. तीन वेळचं जेवण. महिन्याला थोडासा हातखर्च. साबण, टूथपेस्ट, घरी लिहायला विमानपत्रं, बऱ्याच ठिकाणी सिगारेटीसुद्धा मोजून. कपड्यांवर नंबराची पट्टी शिवलेली असायची, कारण धुलाई सगळ्यांची एकत्र. पट्टी निघाली की शर्ट दुसऱ्याच्या अंगावर दिसायचा. विनोदी प्रसंगासाठी कुठल्याही लेखकाला याहून सोपी सोय मिळणार नाही, आणि ती अगदी खरी आहे.

आता दिवस बघा. उन्हाळ्यात काम पहाटे सुरू होतं, कारण अकरानंतर उघड्यावर उभं राहवत नाही. उठल्याबरोबर काळी कॉफी आणि बिस्किटं, मग ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून शेतात. खरी न्याहारी आठ-साडेआठला, तीन-चार तास राबून झाल्यावर. टेबलावर काकडी, टोमॅटो, कांदा, मिरची अख्खी ठेवलेली असते. जो तो आपापल्या ताटलीत आपलं सॅलड चिरतो. जितकं बारीक चिरणार तितकं मुरलेला मानतात. वरून तेल, लिंबू, मीठ. सोबत उकडलेलं अंडं, पांढरं चीज, ब्रेड. टेबलाच्या मधोमध एक मोठं वाडगं असतं, त्याला म्हणतात ‘कोल्बोइनिक’. साली, अंड्याची टरफलं, बिया, उष्टं-खरकटं सगळं त्यात. नवा माणूस कुठला हे या वाडग्यावरून लगेच ओळखू येतं. एक तर तो त्यात काही टाकायला बिचकतो, नाहीतर ते सॅलडचं भांडं समजून त्यात चमचा घालतो. जाणत्या दिग्दर्शकाने हे वाडगं एकदा तरी जवळून दाखवावंच.

भांड्यांच्या कामाला स्वयंसेवक कंटाळतात, पण ओळखी तिथेच होतात. तीन-चारशे माणसं, तीन वेळा. पट्टा असलेलं लांबलचक यंत्र असतं. एका टोकाला एक जण खरकटं झटकून ताटल्या रांगेने लावतो, दुसऱ्या टोकाला दुसरा वाफाळलेल्या ताटल्या उचलून थप्प्या लावतो. काटे-चमचे आधी साबणपाण्याच्या टबात भिजवावे लागतात, न भिजवता टाकले की अंड्याचा बलक तसाच राहतो आणि सगळा ट्रे परत फिरवावा लागतो. लावणाऱ्याने घाई केली तर ताटली आडवी होऊन पट्टा अडकतो. मग यंत्र बंद, वाफ ओसरेपर्यंत थांबायचं, हात घालून तुकडे काढायचे. यंत्राचा आवाज इतका की बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. दोन भाषांच्या दोन माणसांची इथे मैत्री होते, कारण इथे भाषेचा कोणालाच उपयोग नसतो.

गोठ्यात धारा दिवसातून तीन वेळा, त्यातली एक रात्री. इस्रायली गाय वर्षाला सरासरी ११,००० लिटरहून जास्त दूध देते, त्यामुळे एक पाळी चुकणं परवडत नाही. सण असो, युद्ध असो. कोंबड्या ट्रकमध्ये भरायचं काम रात्री असतं, कारण अंधारात त्या शांत राहतात. पायाला धरून एका हातात तीन-चार घ्यायच्या. हात ओरबाडले जातात आणि वास दोन दिवस जात नाही. हे काम यादीत ज्याच्या नावापुढे लागलं, त्याचा त्या रात्रीचा प्रेमप्रसंग रद्द.

माझ्या मते मात्र या विषयावरच्या सिनेमाची सगळ्यात चांगली जागा खजुराची बाग आहे, आणि तीही दक्षिणेकडच्या अरावा खोऱ्यातली. पाऊस वर्षाला जेमतेम ३० मिलिमीटर. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. पाणी जमिनीतलं, मचूळ. मेजूल जातीचा खजूर या पाण्यावर निभावतो, पण मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला शेकडो लिटर पाणी लागतं, तेही ठिबकने. ठिबक सिंचनाचा व्यवसाय किबुत्झवरच उभा राहिला, नेगेव वाळवंटातल्या हत्झेरिमवर, १९६५ साली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा भाग समजावून सांगायला नको. नआन आणि दान या दोन किबुत्झांच्या सिंचन कारखान्यांतून झालेली कंपनी जळगावच्या जैन इरिगेशनने आधी निम्मी आणि पुढे पूर्ण घेतली. स्वयंसेवकांना लॅटरलच्या, म्हणजे ठिबकच्या नळीच्या, कडेने चालत कोरडा राहिलेला ड्रिपर, म्हणजे थेंब पाडणारी तोटी, शोधायला लावत. मचूळ पाण्यात क्षार जास्त, ते भोकाशी बसतात आणि ड्रिपर चोक होतो. मग टोकाची कॅप काढून लाइन फ्लश करायची. इतकं करूनही सुटलं नाही तर अॅसिड. एक झाड कोरडं राहिलं तर फळ सुरकुततं, म्हणून हे काम कंटाळवाणं असलं तरी हलगर्जीपणा खपत नाही.

खजुरात नर झाड वेगळं, मादी वेगळं. वाऱ्यावर सोडून भागत नाही. हिवाळ्यात आधी पानांच्या बुडाशी असलेले काटे कापतात. हे काटे बोटभर लांब आणि सुईसारखे असतात. सांध्यात घुसून टोक आत मोडलं तर सांधा सुजतो आणि आठवडेच्या आठवडे बरा होत नाही, म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कोणाला वर जाऊ देत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर तुऱ्यातले पराग झाडून मादी तुऱ्यांवर मारायचे. मादी तुरा उघडल्यावर दिवस मोजकेच हाताशी असतात, आणि सगळी झाडं एकदम उघडत नाहीत, त्यामुळे प्रत्येक झाडावर पुन्हा पुन्हा चढावं लागतं.

मग विरळणी. एका घडात कितीतरी लडी असतात आणि प्रत्येक लडीवर मण्यांसारखी दाटीने फळं. मेजूल मोठा हवा असेल तर लडीचं टोक कापून, उरलेल्या भागातलीही फळं काढून, लडीमागे साधारण दहाच ठेवायची. नव्या पोराचा हात इथे कचरतो. एवढं पीक आपल्या हाताने खाली पाडायचं? तो वीस-पंचवीस ठेवतो. ऑगस्टमध्ये त्या घडातली फळं एकमेकांना चिकटलेली, बारकी निघतात, आत ओल राहून आंबतात, आणि पुढच्या वर्षी झाड रुसतं. उलट ओढून तोडायला गेला तर लडच मोडते. लड एका हाताने धरून दुसऱ्याने फळ बाजूला वळवायचं, एवढंच कसब. दिवसभरात काही हजार वेळा. नंतर घडांना जाळीच्या पिशव्या, पक्ष्यांपासून आणि गळणाऱ्या फळांसाठी. काढणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, तीही एका झाडावर अनेक फेऱ्यांत, कारण एकाच घडातली फळं एकाच दिवशी पिकत नाहीत.

हे सगळं काम जमिनीपासून दहा-बारा मीटर उंचीवर. पूर्वी खोडाला अॅल्युमिनियमच्या शिड्या बांधलेल्या असत, पुढे हायड्रॉलिक पाळणे आले. पाळणा झाडाच्या शेंड्याला कडं घालून उभा राहतो, दोन-तीन माणसं त्यात, चारी बाजूंनी झावळ्या. चालक म्हणेल तेव्हाच खाली. पाण्याची बाटली एक. बोलायचं नसेल तरी चार तास शेजारी. एका बाजूला जॉर्डनचे गुलाबी डोंगर, दुसऱ्या बाजूला नेगेव. सिनेमावाले नायक-नायिकेला तलावाकाठी, पबमध्ये, चांदण्यात नेतात. त्यांना या पाळण्यात ठेवावं. तिच्या हातात कात्री, तो चुकीची फळं पाडतोय, ती त्याचा हात धरून लड कशी वळवायची ते दाखवते. वेगळं काही रचावं लागत नाही.

संध्याकाळी पब असतो, आणि तो बहुतेक ठिकाणी ‘मिक्लात’मध्ये, म्हणजे बाँबपासून बचावासाठी बांधलेल्या तळघरात. जाड काँक्रीटच्या भिंती, लोखंडी दार, आत स्वस्त बिअर आणि भिंतीवर आधीच्या स्वयंसेवकांनी रंगवलेली नावं. भोंगा वाजला तर तेच तळघर सगळ्यांसाठी. ही जागा दाखवताना पटकथेला काही समजावून सांगावं लागत नाही.

किबुत्झवरच्या मुलामुलींना हे परदेशी पाहुणे का आवडायचे, याचं एक उत्तर अभ्यासकांकडे आहे. त्या काळी बहुतेक किबुत्झांवर मुलं आईबापांच्या घरी न झोपता बालगृहात, आपल्या वयाच्या गटात वाढत. एकत्र जेवण, एकत्र अंघोळ, एकत्र झोप. योसेफ शेफर यांनी १९७१ मध्ये किबुत्झवर वाढलेल्यांच्या २,७६९ लग्नांची मोजदाद केली. एकाच वयोगटातल्या दोघांची लग्नं निघाली फक्त १४, आणि त्यांतही अगदी लहानपणापासून सलग एकत्र वाढलेलं जोडपं एकही नव्हतं. सोबत वाढलेला मुलगा म्हणजे भाऊच. मग जूनमध्ये बसमधून उतरणारा, उन्हाने लाल झालेला, धड झाडू धरता न येणारा परका पोरगा लक्ष वेधून घेणारच. सभासदांना हे ठाऊक असायचं आणि म्हणूनच त्यांची या पोरांवर नजर असायची. प्रत्येक स्वयंसेवकाला एक ‘दत्तक कुटुंब’ नेमून दिलेलं असायचं. चारच्या सुमाराला त्यांच्याकडे कॉफी आणि केक. तिथली बाई अगत्याने खाऊ घालते, आणि तो कोणाबरोबर फिरतोय हेही तिला आधीच कळलेलं असतं. चारशे माणसांच्या वस्तीत आपल्या वाडीइतकंच सगळ्यांना सगळं माहीत.

प्रेम जमलं तर पुढे काय, इथे खरी कळ आहे. मुलगी बहुधा सैन्यात. त्या काळी सक्तीची सेवा मुलांना तीन वर्षं, मुलींना दोन. म्हणजे ती शुक्रवारी दुपारी गणवेशात येणार, पांढरा शर्ट घालून शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाला बसणार, रविवारी पहाटे परत. शनिवारी दुकान बंद, बस बंद. भेट म्हणजे फक्त हे तीस-चाळीस तास, आणि त्यात त्याची गोठ्याची पाळी लागली तर तेही गेलं. सद्रानला पटवून पाळी बदलून घेणं हे किबुत्झवरचं प्रेमपत्र समजा.

त्याने राहायचं ठरवलं तर? स्वयंसेवकाचा परवाना काही महिन्यांचा. मग सभासदत्वाच्या उमेदवारीचा काळ, साधारण वर्षभर, आणि शेवटी ‘आसेफा’, म्हणजे शनिवारी रात्रीची सर्वसाधारण सभा. तिथे मतदान. ज्या बाईच्या हातचा केक खाल्ला तीही मत देणार, ज्याचा पट्टा अडकवला तोही. लग्नाचा प्रश्न त्याहून अवघड. इस्रायलमध्ये नागरी विवाहच नाही. ज्यूंची लग्नं रबींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, हाती, आणि ज्यू नसलेल्याशी ज्यूचं लग्न ते लावत नाहीत. धर्मांतर करायचं तर धर्माचे सगळे नियम पाळू असं सांगावं लागतं, आणि बहुतेक किबुत्झ धर्म न पाळणारे, तिथलं स्वयंपाकघरही कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं, नसायचं. तिथे राहणाऱ्याचं म्हणणं रबींना पटायचं नाही. म्हणून जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून यायची. १९६३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे परदेशातलं लग्न निदान सरकारी नोंदवहीत चढायचं.

आणि तिने निघायचं ठरवलं तर? तिच्या नावावर काही नाही. घर किबुत्झचं, फर्निचर किबुत्झचं, शिक्षणाचा खर्च किबुत्झने केलेला. सोडून जाणाऱ्याला थोडीफार रक्कम मिळायची, बस. प्रेमासाठी लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाणारी मुलगी एक सुटकेस घेऊन निघते, आणि तिच्या मागे आईबाप सभेत शेजाऱ्यांच्या नजरा झेलत बसतात, कारण आजोबांनी दगड फोडून उभं केलेलं ती सोडून चालली आहे. या कथेत खलनायक लागत नाही. जिथे लेखकाने बाहेरून बंदूक आणून शेवट ओढला आहे, तिथे मला वाईट वाटतं, कारण आतला संघर्ष पुरेसा होता.

आणखी एक गोष्ट अशा सिनेमांतून सहसा सुटते. इस्रायलमध्ये जन्मलेल्याला ‘साब्रा’ म्हणतात. साब्रा म्हणजे आपलं फड्या निवडुंग, बाहेरून काटे आणि आत गोड बोंड. पण त्या देशात फिरताना निवडुंगाच्या रांगा दिसतात त्या बहुतेकदा जुन्या अरब गावांची कुंपणं असतात. १९४८ च्या युद्धात गावं रिकामी झाली, घरं पडली, निवडुंग मात्र तोडूनही फुटत राहिला. उत्तरेतला सासा किबुत्झ सअसअ गावाच्या जमिनीवर आहे, बरआम किबुत्झ कफ्र बिरिमच्या. शनिवारी भटकायला गेलेल्या स्वयंसेवकाला हे पडके दगड दिसतातच. त्याने विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं, हा प्रसंग ज्या पटकथेत असेल ती मी दोनदा बघेन.

सिनेमा आला त्याच वर्षी हे जग हललं. १९८४ मध्ये इस्रायलची महागाई वर्षाला ४०० टक्क्यांवर गेली होती. जुलै १९८५ मध्ये सरकारने ती आवरायला कडक उपाय केले, व्याजाचे दर चढले, आणि कर्जावर कारखाने उभारलेले किबुत्झ बुडायला आले. पुढच्या वर्षांत बालगृहं बंद झाली, बऱ्याच ठिकाणी भोजनगृहात पैसे मोजावे लागू लागले, पगार वेगवेगळे झाले. नव्वदच्या दशकात शेतातली कामं थायलंडहून आलेल्या मजुरांकडे गेली. स्वयंसेवक आजही येतात, पण थोडे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात अलुमिम किबुत्झवर शेती शिकायला आलेले दहा नेपाळी विद्यार्थी मारले गेले. परदेशी तरुण आणि किबुत्झ हे शब्द शेजारी आले की आता तेही आठवतं.

शेवटचा प्रसंग विमानतळावर घेतात, तो मला कधीच पटत नाही. अरावातला निरोप ९० नंबरच्या रस्त्यावरच्या थांब्यावर होतो. पत्र्याची शेड, समोर डांबर, दक्षिण टोकाच्या ऐलात शहराकडून येणारी बस लांबून ठिपक्यासारखी दिसते आणि जवळ यायला बराच वेळ घेते. थांबते अर्धा मिनिट. पिशवी पोटात टाकायची, चढायचं. तेल अवीव चार-पाच तास. ती मागे वळते तेव्हा ट्रॅक्टर फाटकाशी उभा असतो, आणि भोजनगृहाच्या भिंतीवरच्या यादीत त्याच्या नावाच्या जागी, त्याच पहाटे साडेचारसमोर, दुसरं कोणाचं तरी परदेशी नाव हिब्रू अक्षरांत लिहिलेलं असतं.